मायलेकींच्या भांडणातला तिसरा

२६ डिसेंबर २०२४ रोजी भारतीय वंशाचे अमेरिकी उद्योजक-राजकारणी विवेक रामस्वामी यांनी एक्सवर एक लांबलचक टिपण टाकलं. कुशल परदेशी कामगारांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसावरून तेव्हा अमेरिकेत रण माजलं होतं. अमेरिकी कंपन्या परदेशातून आलेल्यांना किंवा त्यांच्या मुलांना इंजिनियर म्हणून का घेतात, याचं उत्तर त्यांनी एका शब्दात दिलं: संस्कृती. अमेरिकेला सामान्यपणाचं कौतुक फार; मुलांच्या गणिताच्या शिकवण्या वाढवा आणि मित्रमैत्रिणींकडे रात्री राहायला जाणं कमी करा, असा एकंदर सूर. असा वाद पेटला की चिनी आया चव्हाट्यावर येतात, हे आता ठरूनच गेलंय. एक बाजू म्हणते, त्यांची शिस्त बघा आणि मुलींचं यश बघा. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवरही ही बाजू जोरात असते. दुसऱ्या बाजूला त्या आयांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुली असतात. आईने आयुष्यात कधी शाब्बास म्हटलं नाही, अठ्ठ्याण्णव गुण आणले तर उरलेले दोन कुठे गेले म्हणून विचारलं, असं त्या सांगतात. मग पूर्व की पश्चिम, धाक की मोकळीक, कर्तव्य की सुख, यावर आठवडाभर दळण चालतं.

दोन्ही बाजू साप म्हणून भुई धोपटताहेत, असं माझं मत आहे. चिनी आई आणि तिची अमेरिकेत जन्मलेली मुलगी यांच्यातला ताण खोटा नाही. पण तो दोन संस्कृतींच्या टकरीतून आला, हे निदान अर्धवट आहे आणि सोयीचंही. या दोघींच्या मध्ये दीडशे वर्षं एक तिसरा उभा आहे: अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा आणि त्याच्या पाठोपाठ येणारा रोजगाराचा बाजार. कोणत्या बाईला येऊ द्यायचं, कोणाची बायको म्हणून, आल्यावर तिने काम करायचं की नाही, तिचं मूल कोणाचं नागरिक, हे सगळं या तिसऱ्याने ठरवलं. त्याने घडवलेलं घर बघायचं आणि दोष किंवा श्रेय कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी तत्त्ववेत्त्याला द्यायचं, हा प्रकार चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यातला आहे.

जानेवारी २०११ मधला गाजलेला वाद आठवा. येल विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक एमी चुआ यांच्या, 'टायगर मदर' म्हणजे वाघीण आई या नावाने गाजलेल्या आठवणींतला एक भाग वॉल स्ट्रीट जर्नलने छापला आणि वर 'चिनी आया श्रेष्ठ का' अशा अर्थाचा मथळा दिला. मुलींनी मैत्रिणीकडे झोपायला जायचं नाही, शाळेच्या नाटकात काम करायचं नाही, 'ए'च्या खालची श्रेणी आणायची नाही, पियानो किंवा व्हायोलिन सोडून दुसरं वाद्य हातात घ्यायचं नाही. गदारोळ झाला. पण ही 'चिनी आई' जन्मली कुठे, हे त्या गदारोळात किती जणांनी विचारलं? ती जन्मली इलिनॉय राज्यात, १९६२ साली. आईवडील फिलिपिन्समधून आलेले चिनी वंशाचे, वडील पुढे बर्कलीत नावाजलेले प्राध्यापक. म्हणजे वादात आईच्या खुर्चीवर बसवलेली बाई ही प्रत्यक्षात स्थलांतरित आईची अमेरिकेत जन्मलेली मुलगी होती! धाकट्या मुलीच्या बंडापुढे आपण माघार घेतली, असंही तिने त्याच आठवणींत लिहिलं आहे, पण उतारा वाचूनच हमरीतुमरीवर आलेल्यांना त्याची गरज नव्हती. शिवाय वेळ बघा. जेमतेम महिन्यापूर्वी, डिसेंबर २०१० मध्ये, पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल लागले होते आणि वाचन, गणित, विज्ञान या तिन्हींत शांघाय पहिलं आलं होतं. २००८ च्या मंदीतून अमेरिका सावरत होती, आणि त्याच जानेवारीत चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताओ वॉशिंग्टनच्या दौऱ्यावर आले. चीन आपल्या पुढे जाणार, या भीतीला एक चेहरा हवा होता. फॅक्टरी किंवा नौदल यांच्यापेक्षा आई हा चेहरा घराघरांत सहज शिरतो.

चिनी आईला असा चेहरा चढवण्याची अमेरिकेची ही पहिली वेळ नव्हती. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी बाई म्हणजे वेश्या असंच जवळपास गृहीत धरलं. हाँगकाँगमधला अमेरिकी वाणिज्यदूत बोटीवर चढण्याआधी बायकांच्या चारित्र्याची उलटतपासणी घ्यायचा, आणि तो अपमान नको म्हणून असंख्य जणी निघाल्याच नाहीत. सात वर्षांनी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आला आणि मजुरांच्या बायकांनाही त्याच मापाने मोजण्यात आलं. परिणाम असा, की १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या दर सत्तावीस चिनी पुरुषांमागे एक चिनी स्त्री होती. मग लोक म्हणू लागले, चिन्यांना कुटुंबाचं महत्त्वच नाही, हे पैसे कमावून परत जाणारे. दारही अमेरिकेनेच लावायचं आणि आत कोणी का येत नाही म्हणून नावंही तिनेच ठेवायची. १९६६ मध्ये मात्र नूर पालटला. नागरी हक्कांच्या चळवळीने कृष्णवर्णीयांच्या मागण्या ऐरणीवर आणल्या होत्या, तेव्हा 'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट'ने चिनी अमेरिकनांच्या यशाची गाथा छापली. बघा, हे सरकारकडे हात न पसरता स्वतःच्या कष्टाने वर येतात, आणि याचं रहस्य त्यांचं कुटुंब. त्या अंकाची तारीखही २६ डिसेंबरच होती, हा योगायोग. आधी कुटुंब नसलेले, मग आदर्श कुटुंबवाले, मग २०११ मध्ये कुटुंबात वाघीण पाळणारे. दरम्यान कन्फ्यूशियस बदलला होता का?

गप्प, सोशिक, सरकारदरबारी मान खाली घालणारी चिनी आई हे चित्रही तपासून बघू. मेरी टेप ही शांघायहून १८६८ मध्ये, अकरा वर्षांची असताना, सॅन फ्रान्सिस्कोला आली आणि तिथल्या एका महिलाश्रमात वाढली. चित्रकला शिकली, तारायंत्र चालवायला शिकली, फोटो काढायला शिकली. तिची मुलगी मेमी सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मली. १८८४ मध्ये स्प्रिंग व्हॅली शाळेच्या मुख्याध्यापिका जेनी हर्ली यांनी आठ वर्षांच्या मेमीला, ती चिनी आहे म्हणून, प्रवेश नाकारला. टेप दांपत्य कोर्टात गेलं आणि मार्च १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलंही. शाळा मंडळाने त्यावर पळवाट काढली: चिनी मुलांसाठी वेगळी शाळा. तेव्हा मेरीने मंडळाला लिहिलेलं पत्र 'डेली आल्टा कॅलिफोर्निया'त छापून आलं. व्याकरणाच्या चुकांसकट, उद्गारचिन्हांसकट. चिनी म्हणून जन्माला येणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे का, आपल्या सगळ्यांना देवानेच घडवलं नाही का, असा तिचा सवाल होता. तुम्ही काढलेल्या कुठल्याही चिनी शाळेत मेमी टेप कधीही जाणार नाही, असं तिने ठणकावलं. आणि तरी शेवटी मेमी त्याच शाळेत गेली, कारण दुसरी शाळा तिला घेणार नव्हती. आईने जाहीर शपथ घ्यायची आणि पुढच्या काही दिवसांत मुलीचं बोट धरून त्याच दारात उभं राहायचं, या प्रसंगात मायलेकींमध्ये काय घडलं असेल ते कुठे नोंदलेलं नाही. पण घडलं ते शाळा मंडळाने घडवलं, एवढं नक्की.

मुलीच्या पिढीलाही कायद्याने सोडलं नाही. १९२२ च्या केबल कायद्याने अमेरिकी स्त्रीला लग्नानंतर स्वतंत्र नागरिकत्व दिलं, म्हणून त्याचं कौतुक होतं. त्यात एक मेख होती. नागरिक होण्यास 'अपात्र' अशा परदेशी माणसाशी लग्न करणारीचं नागरिकत्व जाणार होतं, आणि अपात्र म्हणजे मुख्यतः आशियाई. कॅलिफोर्नियात जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली चिनी मुलगी चीनमध्ये जन्मलेल्या तरुणाशी लग्न करून बसली, की रातोरात परकी. आणि गोऱ्या स्त्रीला घटस्फोटानंतर किंवा वैधव्यानंतर पुन्हा नागरिक होता येत असे, तसं हिला नाही, कारण ती वंशाने चिनी. ही तरतूद १९३१ मध्ये दुरुस्त झाली. आता कल्पना करा, की १९२५ च्या सुमाराची एखादी आई मुलीला सांगतेय, इथल्या मुलींसारखी मनाला येईल तसं लग्न ठरवू नकोस, नीट विचार कर. हा जुन्या वळणाचा जाच म्हणायचा की कायद्याचा सल्ला?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. त्यांतला सर्वांत वजनदार हा, की शिक्षणाला आणि परीक्षेला चीनमध्ये जे स्थान आहे ते काही अमेरिकेच्या कायद्याने दिलेलं नाही. बरोबर. राजदरबाराच्या परीक्षांची परंपरा सातव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९०५ पर्यंत, म्हणजे तेराशे वर्षं चालली. परीक्षेत पहिला आलेला गरिबाचा पोर अधिकारी होतो, ही कथा तिथे घराघरांत आहे. पण या परंपरेत स्त्रियांना परीक्षेला बसायचीच परवानगी नव्हती, हे संस्कृतीवाले विसरतात. कन्फ्यूशियसच्या विचारातली पाच मूलभूत नाती घ्या: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र-मित्र. आई आणि मुलगी या यादीतच नाहीत. ज्या नात्याचं त्या परंपरेला नावही घ्यावंसं वाटलं नाही, त्या नात्याचा सगळा खुलासा त्याच परंपरेतून काढायचा म्हणजे कमाल झाली.

मग १९८० आणि ९० च्या दशकांत चीनमधून आलेल्या आईला परीक्षेचं एवढं वेड का? त्याचं उत्तर तेराशे वर्षांत शोधायची गरज नाही, ते तिच्या स्वतःच्या तरुणपणात आहे. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) विद्यापीठांची प्रवेश परीक्षा बंद झाली आणि शहरांतली सुमारे पावणेदोन कोटी तरुण मुलंमुली शेतावर राबायला खेड्यांत पाठवली गेली. डिसेंबर १९७७ मध्ये परीक्षा पुन्हा सुरू झाली. ५७ लाख जण बसले आणि जेमतेम पावणेतीन लाखांना जागा मिळाली, म्हणजे शंभरात पाचही नाहीत. भाताच्या शेतातून वर्गात, तिथून परदेशी विद्यापीठात, हा प्रवास ज्या बाईने एका उत्तरपत्रिकेवर केला, तिला 'गुण म्हणजे सर्वस्व नव्हे' हे कोण पटवून देणार? तिचा विश्वास तिने अनुभवातून मिळवलेला आहे. आणि दार अरुंद झालं की हे कुठेही होतं. नीटच्या क्लासेससाठी लातुरात खोली भाड्याने घेऊन मुलीबरोबर दोन वर्षं राहणाऱ्या आया आपण पाहतो. लातुरात कन्फ्यूशियस कुठून आला?

दुसरा मुद्दा निकालाचा. काही म्हणा, या मुली पुढे जातात ना? जातात. पण मुळात आलं कोण, हे विचारल्याशिवाय त्या यशाचा अर्थ लागत नाही. १९६५ च्या कायद्याने आशियाला दार उघडलं ते दोन कड्यांनी: नातेवाईक आणि कौशल्य. १९८९ मध्ये बीजिंगच्या तियानमेन चौकात निदर्शक विद्यार्थ्यांचं रक्त सांडलं, त्यानंतर १९९२ च्या एका खास कायद्याने अमेरिकेत असलेल्या चिनी विद्यार्थी-संशोधकांना कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळाला आणि पन्नास हजारांहून अधिक लोकांना त्याचा लाभ झाला. जेनिफर ली आणि मिन झोऊ या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की अमेरिकेत आलेल्या चिनी लोकांमधलं पदवीधरांचं प्रमाण चीनमधल्या प्रमाणाच्या कित्येक पट आहे, आणि खुद्द अमेरिकेच्या सरासरीपेक्षाही जास्त. गाळून घेतलेल्या लोकांची मुलं शिकली, यात संस्कृतीचा चमत्कार कोणता? यावर कोणी हुशार वाचक म्हणेल, की हॉटेलात भांडी घासणाऱ्यांची मुलंही न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंटसारख्या परीक्षेने प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेत पोचतात, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. ली आणि झोऊ यांच्याकडे त्याचंही उत्तर आहे: शिकलेल्यांनी वस्तीत शिकवणी वर्ग उभे केले, कुठली शाळा, कुठली परीक्षा ही माहिती चिनी वर्तमानपत्रांतून आणि देवळा-चर्चमधून फिरवली, आणि ती न शिकलेल्या शेजाऱ्यांनाही मिळाली. ही वस्तीची ताकद आहे, तिचं श्रेय दिलंच पाहिजे. पण ती १९६५ नंतर अमेरिकेत उभी राहिलेली ताकद आहे. प्राचीन नव्हे.

वाघिणीची शिस्त फळते हे तरी खरं आहे का? टेक्सास विद्यापीठाच्या सू यंग किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातली ४४४ चिनी अमेरिकन कुटुंबं आठ वर्षं अभ्यासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. सर्वांत जास्त आईबाप निघाले पाठीशी उभे राहणारे, प्रेमळ. धाक आणि माया दोन्ही भरपूर अशी 'वाघीण' पद्धत हा नेहमीचा प्रकार नव्हताच, आणि तिच्यात वाढलेल्या मुलांचे गुण प्रेमळ आईबापांच्या मुलांपेक्षा कमी, निराशेची लक्षणं जास्त. म्हणजे ज्या आईवरून एवढी लाठालाठी चालते ती बहुसंख्य घरांत राहतच नाही.

मग बहुसंख्य घरांत काय होतं? मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये १९८० च्या आसपास चला. शिवणकामाचे सुमारे पाचशे कारखाने, वीस हजारांच्या आसपास चिनी बायका. मजुरी नगावर. शाळा सुटली की पोरं घरी जात नसत, कारण घरी कोणी नसे. ती कारखान्यात येत आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास करत. जरा मोठी मुलगी असेल तर आईच्या शिवलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कात्रीने कापून देई, बटणं लावून देई, म्हणजे दिवसाचे नग वाढत. 'आई माझ्याशी कधी बोलली नाही' असं ती मुलगी चाळिशीत म्हणते तेव्हा ते अक्षरशः खरं असतं. शिलाई यंत्राच्या आवाजात आणि नगाच्या हिशेबात बोलायचं कधी? १९८२ च्या उन्हाळ्यात मालकांनी युनियनचा करार नाकारला. हे मालक बहुतेक चिनीच. आपण सारे चिनी आहोत, आपसांत मिटवू, बाहेरच्यांना मध्ये कशाला आणायचं, हे त्यांचं आवाहन. यालाच संस्कृतीचा वापर म्हणतात! त्या गप्प म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी २४ जूनला कोलंबस पार्क भरून टाकलं, जवळपास वीस हजार जणी, आणि मालक वठणीवर आले. त्यांनी नंतर कशासाठी जोर लावला, तर पाळणाघरासाठी. तेही मिळवलं.

याच मॅनहॅटनमध्ये, हाकेच्या अंतरावर, १९०९ मध्ये वीस हजारांच्या आसपास शिवणकामगार मुलींनी संप केला होता. त्या बहुतांश ज्यू, पूर्व युरोपातून आलेल्या. त्यांची युनियन तीच, जी १९८२ मध्ये चिनी बायकांची होती. त्या पिढीच्या पोटी जी मुलं वाढली त्यांनी पुढे 'ज्यू आई' हे पात्र अमेरिकेला दिलं: सतत खाऊ घालणारी, सतत अपराधी वाटायला लावणारी, पोराच्या हातात व्हायोलिन देणारी, त्याला डॉक्टर करूनच सोडणारी. पन्नास-साठच्या दशकांत विनोदकारांची दुकानं त्या आईवर चालली. ज्यू धर्मच असा, असं तेव्हा गंभीर चेहऱ्याने सांगणारेही होते. आज तो राष्ट्रीय वाद कुठे आहे? धर्म आहे तिथेच आहे. आया बदलल्या, म्हणजे त्या स्वतः अमेरिकेत जन्मल्या, घरं घेतली, इंग्रजी आलं, पोराच्या गुणांवर सगळ्या कुटुंबाचं भवितव्य टांगलेलं राहिलं नाही. एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. ज्यूंची नातवंडं गोऱ्यांत मिसळून गेली. चिनी मुलीच्या मुलीलाही 'पण तू मूळची कुठली?' हा प्रश्न चुकत नाही, त्यामुळे हिचं भांडण एका पिढीत मिटेल अशी खात्री देता येत नाही.

आता सगळ्यांत अवघड घर. ऐंशीच्या दशकापासून फुजियान प्रांतातल्या फुजोउच्या आसपासच्या गावांतून हजारो लोक दलालांमार्फत चोरवाटेने न्यूयॉर्कला आले. जून १९९३ मध्ये 'गोल्डन व्हेंचर' हे जहाज क्वीन्सच्या किनाऱ्यावर रुतलं, आत २८६ माणसं होती आणि त्यांतली दहा मेली, तेव्हा जगाला हा धंदा कळला. दलालाचं कर्ज तेव्हाच तीस हजार डॉलरच्या घरात होतं. ईस्ट ब्रॉडवेवर, मॅनहॅटन पुलाखाली, नोकऱ्यांच्या दलालांच्या खोल्या होत्या. तिथे फळ्यावर हॉटेलातली कामं लिहिलेली असत. गाव कोणतं हे नसे, फक्त टेलिफोनचा विभाग क्रमांक आणि बसने किती तास. रात्रीची बस पकडायची, आठवड्यातून सहा दिवस बारा बारा तास राबायचं, मालकाने दिलेल्या खोलीत झोपायचं. अशा बाईला मूल झालं की पाळणाघराचा खर्च तिच्या पगाराएवढा. म्हणून काही महिन्यांचं बाळ ओळखीच्या माणसाबरोबर विमानाने फुजियानला आजी-आजोबांकडे जाई आणि पाचव्या वर्षी, सरकारी शाळा फुकट सुरू होते तेव्हा, परत येई. जन्माने अमेरिकी नागरिक असलेली ही मुलगी विमानतळावर एका अनोळखी बाईच्या स्वाधीन केली जाते आणि तिला सांगतात, ही तुझी आई. मुलगी आजीसाठी रडते, बाईला हात लावू देत नाही. घार हिंडे आकाशी, चित्त तिचे पिलापाशी, हे आईच्या बाजूने कितीही खरं असलं तरी पिलाला ते कसं कळावं? पुढे ही मुलगी पंधराव्या वर्षी शाळेच्या समुपदेशकाला सांगते, की माझी आई थंड आहे, कधी जवळ घेत नाही. समुपदेशक मान डोलावून लिहितो: आशियाई संस्कृतीत भावना व्यक्त करत नाहीत. हे मी निदान म्हणून नव्हे, आरोप म्हणून लिहितोय. कर्ज वीस हजार डॉलरने कमी असतं, किंवा त्या शहरात परवडणारं पाळणाघर असतं, तर ही 'संस्कृती' त्या घरात किती उरली असती?

आणि मुलगी इंग्रजी बोलू लागली की उलटं नातं सुरू होतं. वीज कंपनीचं पत्र तीच वाचते, घरमालकाशी तीच बोलते. दवाखान्यात आईच्या पाळीच्या, गर्भपाताच्या, गाठीच्या गोष्टी दहा वर्षांची पोर डॉक्टरला सांगते आणि डॉक्टरचं उत्तर आईला, तेही आपल्या तुटपुंज्या कँटोनीज किंवा फुजोउनीजमध्ये. आईची सगळी लाज मुलीच्या ताब्यात जाते. अशा घरात आई अधिकार गाजवायला एखादी जागा शोधणारच. ती जागा बहुधा प्रगतिपुस्तक असते, कारण अंक वाचायला इंग्रजी लागत नाही. २००० साली क्लिंटन यांनी सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांत दुभाष्याची सोय असावी म्हणून आदेश काढला होता. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवताना तो रद्द केला. हा निर्णय बातम्यांत भाषेच्या अभिमानाचा विषय झाला. कोणाची दहा वर्षांची मुलगी आता पुन्हा दुभाषी होणार, ही त्याची दुसरी बाजू.

शिकलेल्या आयांचीही गोष्ट फार वेगळी नाही. पीएचडी करायला आलेल्या नवऱ्यामागून एफ-२ व्हिसावर आलेली बाई शांघायमध्ये इंजिनियर असली तरी तिला इथे नोकरी करता येत नाही. कायद्यानेच मनाई. मग एका कर्तबगार बाईच्या हाताला उरलेलं एकमेव काम म्हणजे मूल. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्या-नाशिकहून बीई, एमसीए होऊन एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्या नवऱ्याच्या जोडीदार व्हिसावर, एडिसनला किंवा क्युपर्टिनोला गेलेल्या बायकांना २०१५ पर्यंत सरसकट काम करता येत नव्हतं, आणि त्यानंतरही नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचल्यावरच. रविवारी मराठी शाळा, शनिवारी स्पेलिंग, मधल्या दिवशी रशियन पद्धतीच्या गणिताची शिकवणी, असं मुलीचं वेळापत्रक आखणाऱ्या या बाईला भारतीय संस्कारांचं प्रतीक म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात हार घालायचा, की तिची दहा वर्षं कुठे गेली हे विचारायचं?

एक आक्षेप राहिला, आणि तो मुलींचा आहे. कायदा थोबाडीत मारत नाही, आई मारते. मुलगा झाला नाही म्हणून सासूने आईला छळलं आणि आईने ते मुलीवर काढलं, याला वॉशिंग्टन कसं जबाबदार? नाही जबाबदार. मुलग्याचा हव्यास तिथून आला, तो सोबत आणला गेला, आणि त्याची किंमत मुलींनी मोजली. कारण सांगणं म्हणजे माफी देणं नव्हे, आणि मुलीने माफ करावं की नाही यात मला किंवा कुणालाच बोलायचा अधिकार नाही. मला खटकते ती अलीकडची गुळगुळीत तडजोड: आई कधी प्रेम बोलून दाखवत नाही, पण भांडणानंतर फळं कापून बशी खोलीत आणून ठेवते, तेच तिचं प्रेम. इंटरनेटवर अशा बशांचा खच पडलाय. वाघिणीची गाय केली, एवढंच. आधी आई क्रूर होती, आता मुकी. मेरी टेप मुकी नव्हती. कोलंबस पार्कातल्या बायकाही नव्हत्या. मुलीचा राग खरा मानायचा तर त्याला पूर्ण पत्ता द्यायला हवा. अर्धा पत्ता आईचा असेल, उरलेला अर्धा आपण कोरा का ठेवतो?

तो अर्धा पत्ता आज तर ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. 'अमेरिकेत जन्मलेली' या शब्दांना जो अर्थ आहे तो वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी स्वयंपाक्याने मिळवून दिला. चीनला जाऊन परतताना १८९५ मध्ये त्याला बंदरावरच अडवलं, तो लढला, आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की आईबाप नागरिक होऊ शकत नसले तरी इथे जन्मलेला इथला नागरिक. २० जानेवारी २०२५ रोजी, पदावर आल्याच दिवशी, ट्रम्प यांनी या हक्काला कात्री लावणारा आदेश काढला. खालच्या न्यायालयांनी तो लगेच अडवला. त्या आदेशात बाळाच्या आधी आईचा उल्लेख येतो: जन्माच्या वेळी आई बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, तर मूल नागरिक नाही. फुजियानहून चोरवाटेने आलेली, शांघायहून एफ-२ वर आलेली आणि सांगलीहून एच-४ वर आलेली, अशा तिन्ही बायका त्या एका वाक्यात बसतात. त्यांनी मुलींवर कोणते संस्कार केले, याची चौकशी त्यात कुठेच नाही.